नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत गेलं तरच देवाचा हेतू पूर्ण होतो का?

सलाम. साताऱ्याच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहात, दिवसभर पार्ट मोजून रिपोर्ट भरता, रविवारी चर्चमध्ये 'मोठ्या हेतूसाठी जगा' ऐकता आणि सोमवारी परत तेच गेज, तेच रिपोर्ट. म्हणून राजीनामा देऊन चर्चच्या पूर्णवेळ सेवेत जावं का, असं विचारलंय. काम कंटाळवाणं वाटतं एवढ्याच कारणासाठी असेल, तर मी म्हणेन देऊ नका.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. सौदा झाला, वजन झालं की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते: वजन, बारदानाची वजावट, हमाली, तोलाई आणि शेवटी रक्कम. हंगामाच्या गर्दीत बरेच जण शेवटचा आकडा बघतात, घडी घालतात, खिशात टाकतात. काहींना वाचता येत नाही, पण चारचौघांत सांगणार कसं? अशा माणसाला "काका, बसा, चहा येतोय" म्हणायचं आणि पट्टी ओळीन् ओळ वाचून दाखवायची. मागं रांग खोळंबते, मालक चष्म्यावरून बघतात. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो, हे बायबलातल्या नीतिसूत्रांच्या 11व्या अध्यायातलं पहिलंच वचन. माझा विश्वास चर्चच्या बाकावर नाही, या काउंटरवर तपासला जातो.

'जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा' या अर्थाचं कलस्सैकरांस पत्रातलं वचन (3:23) तुम्ही ऐकलंच असेल. ते प्रेषित पौलानं कुणाला लिहिलंय बघा. गुलामांना! ज्यांना काम निवडायची सोय नव्हती, राजीनामा तर लांबच. अर्थात याच वचनाच्या आधारे कामगाराला गप्प बसवणारेही भेटतात. त्यांना थोडं पुढचं वाक्य दाखवा; चौथा अध्याय सुरूच होतो तो धन्यांना 'न्यायानं वागा, वर तुमचाही धनी आहे' असं बजावून. आणि पौल स्वतः करिंथात तंबूंचं काम करून पोट भरत होता.

तुम्ही कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा दाखला दिलाय. 1917 मध्ये ते तुमच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला आले हे खरं, पण त्यांनी सोडली ती मिशनचीच पगारी सेवा. म्हणजे सेवेत गेलं की हुरहुर संपते, असं त्यांच्यावरून तरी म्हणता येत नाही. आमच्या मिरजेत 1894 साली दवाखाना उभा करणारे डॉ. वानलेस मिशनरीच होते, पण त्यांच्या हातात बायबलाइतकीच शस्त्रक्रियेची सुरीही होती.

तुमच्याच टेबलावर बघा. डिस्पॅचची घाई असते तेव्हा गेज न लावता मागच्या लॉटचे आकडे उतरवून सही करायचा आग्रह होतो का? तो पार्ट कुणाच्या तरी गाडीत बसणार असतो. ती सही नाकारायला, आणि नाकारताना सुपरवायझरशी आवाज न चढवता बोलायला, जेवढी प्रार्थना लागते तेवढी मला कुठल्याच संमेलनात लागली नाही.

एवढं करूनही पाचारणाची, म्हणजे देव सेवेला बोलावतोय अशी ओढ राहिली, तर पाळकसाहेबांशी बोला. नोकरी सांभाळून वर्षभर संडे स्कूल घ्या, आजाऱ्यांच्या भेटींना त्यांच्याबरोबर जा. घरच्यांनाही विचारात घ्या, कारण कर्जाचा हप्ता त्यांच्याही डोक्यावर असतो. राजीनामा काय, वर्षानंतरही देता येतो.