मँगनीजवर पीएच.डी. करू का?

प्रश्न : मी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. हृदयाच्या एमआरआयसाठी मँगनीजच्या कॉन्ट्रास्ट द्रव्यांवर (चित्र स्पष्ट यावं म्हणून टोचतात त्या द्रव्यांवर) संशोधन करावंसं वाटतं. पण मँगनीजचं एक औषध बाजारातून गेल्याचं वाचलं. बाबा म्हणतात, डॉक्टरांच्या प्रांतात तुझं काय काम?

उत्तर : आधी बाबांचं. रिपोर्टवर सही डॉक्टरांचीच असणार, पण शिरेतून जे टोचतात ते केमिस्टच घडवतो.

अशा द्रव्यांत नेहमी वापरला जाणारा धातू, गॅडोलिनियम, पेशींच्या बाहेरच राहतो, म्हणून मेलेल्या स्नायूचा व्रण दाखवतो. मँगनीजचा आयन मात्र कॅल्शियमच्या वाटेने जिवंत हृदयपेशीत शिरतो. चालता स्नायू उजळतो, मेलेला तसाच राहतो. एमआरआयच्या जनकांपैकी एक, पॉल लॉटरबर यांनी 1978 मध्येच कुत्र्यांच्या हृदयावर हे करून पाहिलं होतं (नोबेल 2003 मध्ये, एमआरआयसाठी).

गोम इथेच आहे. मोकळं मँगनीज कॅल्शियमच्या वाटा अडवतं, आकुंचन मंदावतं. मेंदूत साचलं तर कंपवातासारखी लक्षणं दिसतात; मँगनीजच्या खाणीतल्या कामगारांत ती दिसली आहेत. म्हणून लिगँडचा, म्हणजे धातूला धरून ठेवणाऱ्या रेणूचा, पिंजरा हवा. घट्ट केला तर आयन पेशीत जात नाही, सैल केला तर त्रास. तू वाचलेलं औषध बहुधा मँगाफोडिपिर. अमेरिकेत 1997 मध्ये मान्यता मिळाली, तीही यकृताच्या एमआरआयसाठी! विक्री थांबली, पण त्याच रेणूवर हृदयाचे अभ्यास पुढेही झाले. म्हणजे विषय संपलेला नाही, अवघड आहे.

क्रिस्टल फील्डचा (लिगँडमुळे धातूच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कशी बदलते, त्याचा) धडा पुन्हा काढ. हाय-स्पिन डी-5 ला (मँगनीजच्या आयनाची इलेक्ट्रॉन-रचना हीच) लिगँडमुळे मिळणारं स्थिरीकरण शून्य, हे परीक्षेपुरतं पाठ केलं असशील. मँगनीज पिंजऱ्यातून सहज निसटतं त्यामागे हेही एक कारण आहे.

पीएच.डी.चं एवढ्यात ठरवू नकोस. एम.एस्सी.ला इनऑरगॅनिक घे आणि सुट्टीत एनएमआर (एमआरआयच्याच तत्त्वावर रेणू तपासणारं यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेत महिनाभर काम माग. मँगनीज क्लोराइडची पाच-सहा संहतींची द्रावणं करून प्रत्येकाचा टी-1 (पाण्यातल्या प्रोटॉनांचं ढळलेलं चुंबकत्व पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) मोज. 1/टी-1 विरुद्ध संहती असा आलेख काढलास की रेषेचा चढ म्हणजे रिलॅक्सिव्हिटी, द्रव्य टी-1 किती कमी करतं त्याचं माप. रेष सरळ येईना म्हणून चौथ्यांदा द्रावण करताना कंटाळा येतो का, ते तिथेच कळेल. लिगँड बनवणं आणि एनएमआर हाताखालून गेलं की गॅडोलिनियम किंवा पेट-स्कॅनच्या ट्रेसरकडेही (त्या स्कॅनसाठी टोचतात त्या किरणोत्सारी द्रव्याकडे) वळता येतं. एकाच धातूशी लग्न लावायची गरज नाही.

गाइड निवडताना एक विचार : रेणू तयार झाल्यावर प्राण्यांवरचं इमेजिंग कोण करणार, स्कॅनरवर वेळ कुणाकडून मिळणार? 'बघू पुढे' असं उत्तर आलं, तर दुसरा गाइड शोध.