जुनी गाडी आपोआप वेग घेते आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, तर काय करावे?

नुकत्याच घेतलेल्या वापरलेल्या गाडीचे इंजिन पायाने दाब न देताही मध्येच गुरगुरते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो, असे आपण लिहिले आहे. निदान होईपर्यंत ही गाडी रस्त्यावर काढू नये.

पुन्हा असे घडलेच, तर ब्रेक एकदाच ठाम दाबून धरावा, गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी आणि कडेला थांबल्यावरच इंजिन बंद करावे. ब्रेक वारंवार सोडून दाबल्यास, इंजिन मोठ्या वेगाने फिरत असताना ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधील निर्वात पोकळी कमी होऊन ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक होते. आणि चालत्या गाडीत किल्ली काढल्यास स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो.

प्रथम चालकाच्या पायाखालचे मॅट उचलून पाहावे. मूळ मॅटवर दुसरे जाड रबरी मॅट टाकण्याची सवय अनेकांना असते आणि त्याची सरकलेली कड ॲक्सिलरेटर अडकवते. मात्र दिवाही लागत असल्याने माझा संशय विद्युत दोषावर अधिक आहे. ॲक्सिलरेटरच्या पेडलमध्ये ते किती दाबले हे मोजणारे दोन सेन्सर असतात व त्यांचे संकेत जुळले नाहीत, की गाडीतील संगणक पी २१३८ (P2138) हा दोषाचा कोड नोंदवतो. थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, सेन्सरबाबत तोच प्रकार पी २१३५ (P2135) ने कळतो. म्हणून मेकॅनिकला स्कॅनर लावून कोड आधी लिहून घ्यायला सांगावे, नुसता दिवा घालवून घेऊ नये. विक्रेत्यानेही विक्रीपूर्वी कोड पुसले असण्याची शक्यता आहेच.

इंजिनच्या तेलाचा लाल दिवा लागल्यास मात्र गाडी ताबडतोब कडेला थांबवून इंजिन बंद करावे.