घरात एकही मूर्ती नाही, मग मूर्तिपूजा ओळखायची कशी?

तुम्ही विचारलंय की आजच्या ख्रिस्ती माणसाची मूर्तिपूजा म्हणजे नेमकं काय, ती सोडायची कशी आणि मोबाईल हीसुद्धा मूर्तीच का. मोबाईलचं नंतर बघू. आमच्या घरातली मूर्ती सतरा गुंठ्यांची होती.

नगर जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. शेजारचा गट चुलतभावाचा. वडील गेले त्याच वर्षी त्याने बांध कोरला, असं दादाचं म्हणणं. मोजणी आणली, तिच्यावर हरकत आली, मग दावा. बारा वर्षं तारखा. चुलतभाऊ आमच्याच मंडळीतला, म्हणजे आमच्याच चर्चचा. प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, तो पुढे गेला की आम्ही थांबायचो, तो जागेवर येऊन बसल्यावर उठायचो. चर्चच्या पाळकसाहेबांनी घरी येऊन बायबलमधलं मत्तय ५:२४ काढून दाखवलं : आधी भावाशी समेट, मग अर्पण. दादा म्हणाला, "साहेब, हा व्यवहार आहे, यात शास्त्र नको." मी शेजारीच बसलो होतो. मीही मान डोलावली.

सातबारा आम्ही वडिलांच्या पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) ठेवायचो, म्हणजे हरवणार नाही. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. संध्याकाळच्या प्रार्थनेला शास्त्र उघडलं की आधी तोच हातात यायचा. एकदा कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचायची माझी पाळी होती. लोभ ही मूर्तिपूजाच, हे पाचवं वचन लहानपणापासून पाठ. पण त्या दिवशी डाव्या हातात सातबारा होता आणि मला पुढचं वाचवेना. आईने विचारलं, "चष्मा आणू का?"

याच दादाने गणपतीत शेजारच्या काकूंचं मोदकांचं ताट दारातून परत पाठवलं. "आम्ही मूर्तीचं खात नाही," असं तोंडावर सांगून. आईच्या शेवटच्या दुखण्यात या काकू अकरा रात्री दवाखान्यात बसल्या होत्या. त्यावरून आमचं जे वाजलं ते आजतागायत मिटलेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या लोकांना शेजाऱ्याचा देव्हारा लांबून दिसतो आणि आपल्या शास्त्रातला सातबारा दिसत नाही. ज्यावर तुझं मन टांगलेलं आहे तोच तुझा देव, अशा अर्थाचं धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२९ सालीच दहा आज्ञांमधल्या पहिल्या आज्ञेविषयी लिहून ठेवलंय. आणि मूर्ती वाईटच वस्तूची होते असं नाही. रानात मोशेने पितळी सर्प केला तो देवाच्या सांगण्यावरून, सर्पदंशातून लोक वाचावेत म्हणून. पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले (२ राजे १८:४). जमीन, मुलांचे मार्क, मंडळीतलं पद, चर्चमधला आजोबांच्या नावाचा बाक, सगळ्याचं असंच होतं. कशापायी आपण खोटं बोलतो आणि कोणाशी बोलणं टाकतो, एवढं तपासा.

सोडायची कशी? मी वकिलाला पैसे देणं आणि तारखांना जाणं बंद केलं, सातबारा कपाटात टाकला आणि एका रविवारी उपासनेनंतर थेट चुलतभावाच्या घरी गेलो. तो काही बोलला नाही. वहिनींनी चहा दिला. जमिनीचा विषय निघाला नाही, बांध आहे तिथेच आहे. पुढच्या प्रभुभोजनाला मी त्याच्या शेजारी गुडघे टेकले. नुसत्या प्रार्थनेने हे झालं नसतं, पाय उचलावा लागला.

मोबाईल आठ दिवस रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा आणि तुमची चिडचिड किती वाढली ते घरच्यांना विचारा.

जमीन राखणं हे पाप नव्हे. एखाद्या विधवेची जमीन कोणी दाबत असेल तर तिने जरूर कोर्टात जावं. आणि मोदकांच्या बाबतीत दादाकडे वचन नाही असंही नाही. हे नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका, असं प्रेषित पौल १ करिंथ १०:२८ मध्ये म्हणतो. नको तर नको. पण ते हात जोडून, घरात बसवून सांगता येतं. काकू आता थकल्या आहेत, जिना उतरत नाहीत. दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. एकदा वर जाऊन ये.