शिबिरातून घरी परतल्यावर

मागच्या अंकात स्थानिक नेतृत्वाच्या प्रशिक्षणाबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर त्यांनाच देते आहे. बावीस वर्षं मी असे वर्ग घेते, आणि त्याआधी अशाच एका वर्गात मागच्या रांगेत बसून शिकले आहे. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

ताई, वस्ती-नेतृत्वाचा सहा महिन्यांचा वर्ग पूर्ण केला. नकाशा काढायला, अर्ज लिहायला, बैठक चालवायला शिकले. परतल्यावर मोठ्या उत्साहाने बैठक बोलावली, तर अकरा जणी आल्या. दुसऱ्या वेळी चारच. मागे कुणीतरी म्हणालं, "शिकून आली, आता आम्हाला शिकवणार." आमच्याकडच्या लोकांना एकत्र यायचंच नाही, असं वाटायला लागलंय. माझे सहा महिने वाया गेले का?

वाया गेले नाहीत. पण ते बोलणं मनावर घेऊ नका, असं मी सांगणार नाही. ते जरूर मनावर घ्या, त्यात तुमच्या कामाचं काहीतरी आहे.

माझी पहिली बैठक सांगते. वर्ग संपला त्याच आठवड्यात मी ती घेतली. भिंतीवर तीन तक्ते चिकटवले, रंगीत बाण काढले आणि चाळीस मिनिटं बोलले. एक आजी दाराजवळ उभ्या होत्या, शेवटपर्यंत बसल्या नाहीत. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, वळणावरचा दिवा कधी लागायचा?" मला उत्तर देता आलं नाही. तो दिवा बंद आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. अंधार पडल्यावर मी त्या वळणाने कधी जातच नसे. आजी मात्र रोज संध्याकाळी भिंतीला हात लावत लावत तिथून यायच्या. त्यांच्या उजव्या तळव्याला भिंतीचा चुना लागलेला असायचा, आणि तो मी कितीदा पाहिला होता! का लागतो, हे कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तक्ते गुंडाळले आणि एक शाळकरी वही घेतली. पानाचे दोन रकाने केले. डावीकडे ‘काय अडतं’ आणि उजवीकडे ‘यावर आधी काय करून पाहिलं’. उजवा रकाना मी सहज म्हणून आखला होता. तिसऱ्याच घरात एका बाईने ट्रंक उघडून मला तीन कागद दाखवले. दिव्यासाठी तिने तीनदा अर्ज दिला होता, तिन्हींची पोच घडी घालून जपून ठेवली होती. मी ज्यांना जागं करायला निघाले होते, त्यांच्यातली एक जण माझ्या दोन वर्षं आधीपासून एकटीच त्या कामाला लागली होती! तिला एवढंच माहीत नव्हतं, की अर्ज चुकीच्या खात्याकडे जातोय. ते मला वर्गात समजलं होतं. तिच्या तीन पोचा, माझा नवा अर्ज आणि एकतीस सह्या घेऊन आम्ही पाच जणी गेलो. एकोणीस दिवसांनी दिवा लागला. पुढच्या बैठकीत आजी पुढे येऊन बसल्या.

वर्गातून हेच मिळतं: कुठलं काम कुणाच्या अखत्यारीत येतं, अर्जाची पोच का घ्यायची, सभा भरकटली तर ती परत विषयावर कशी आणायची. विषय कोणता, हे मात्र वस्तीच सांगते. तुम्ही बहुधा वर्गातले विषय घेऊन वस्तीत गेलात. आम्ही सगळेच पहिल्यांदा तसंच करतो.

लोकांना एकत्र यायचंच नाही, असं तुम्ही लिहिलंय. १९५५ च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीय कार्यकर्त्या रोझा पार्क्स अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात हायलँडर नावाच्या लोकशाळेत शिबिराला गेल्या होत्या. शेवटी प्रत्येकाला विचारलं गेलं, परत जाऊन काय करणार? आपल्या माँटगोमेरी शहरातले लोक एकजूट टिकवतील अशी त्यांना फारशी आशा नव्हती आणि त्यांनी ते तसंच सांगितलं. मुलांसोबत चाललेलं काम पुढे चालू ठेवीन, एवढंच म्हणाल्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिल्याबद्दल त्यांना अटक झाली, आणि त्याच शहरातल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर पाय ठेवला नाही.

ही गोष्ट अनेकदा अशी सांगितली जाते, की शिबिराने त्यांना घडवलं. मला ते पटत नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेत त्या १९४३ पासून सचिव होत्या. लोकांवर झालेल्या अन्यायाच्या हकिकती टिपून घेण्याचं काम बारा वर्षं चाललं होतं. अटकेच्या रात्री हजारो पत्रकं छापून काढणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन आणि त्यांची महिला संघटना तर बसच्या प्रश्नावर आधीपासूनच काम करत होती. गोऱ्या माणसांच्या बरोबरीने, मनावर कसलंही दडपण न घेता राहण्याचा अनुभव पार्क्स यांना शिबिरात मिळाला. तेवढंही थोडं नाही. पण जमीन आधीच नांगरलेली होती.

तेव्हा या महिन्यात बैठक बोलावू नका. दहा घरी जा, वही न्या आणि उजवा रकाना विसरू नका. ती कुजबुज करणारी बाई कोण ते कळलं असेल, तर पहिलं घर तिचं घ्या. आणि तुमच्या वर्गातल्या दोघींशी दर आठवड्याला फोनवर बोलत जा. कोणत्या दारी काय ऐकलं, ते एकमेकींना सांगा. सहा महिन्यांत जोडलेली ही माणसं प्रमाणपत्रापेक्षा फार दिवस पुरतात.

ताई, माझं वय तेवीस. आमच्या भागातल्या युवा नेतृत्व वर्गासाठी निवड झाली आहे, पण चार लोकांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. माझ्यासारख्याने जावं का?

जा. आणि जाताना बर्निस रॉबिन्सन यांची आठवण सोबत ने. १९५७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात, जॉन्स आयलंडवर, एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग सुरू झाला. मतदार म्हणून नाव नोंदवायला तिथे वाचता येण्याची अट होती, आणि कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवायला तिचा हत्यारासारखा वापर होत होता. शिकवायला बर्निसबाईंना बोलावलं. त्या केशभूषा आणि शिवणकाम करायच्या, शिक्षिका कधीच नव्हत्या आणि आधी त्या नाहीच म्हणाल्या होत्या. पहिल्या दिवशी चौदा विद्यार्थी आले. आपण शिक्षिका नाही, तुमच्याबरोबर शिकणार आहोत, असं सांगून त्यांनी तुम्हाला काय शिकायचंय हेच आधी विचारलं. कुणाला स्वतःचं नाव लिहायचं होतं, कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला मनिऑर्डरचा कागद भरायचा होता. वर्ग तिथून सुरू झाला. पुढे दक्षिणेतल्या राज्यांत अशा वर्गांचं जाळं पसरलं. मुद्दाम शिक्षक न निवडता बर्निसबाईंना निवडलं होतं, कारण लोकांचं ऐकून घेणारं माणूस हवं होतं.

वर्गात तुला बोलावं तर लागेलच. पण पहिल्या दोन बैठकांत टिपण लिहायचं काम तू मागून घे. प्रत्येक ठरावापुढे तीनच गोष्टी लिही: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. शेवटी ते वाचून दाखवावं लागतं. कागद हातात असतो, शब्द आपले नसतात, आणि घसा कोरडा असला तरी निभतं. माझ्या वर्गातला एक मुलगा असाच वाचायला उभा राहायचा, कागद थरथरायचा म्हणून वही पुठ्ठ्यावर धरायचा. पाचव्या बैठकीत वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "हे गेल्या महिन्यातही ठरलं होतं. का झालं नाही?" सगळी खोली गप्प झाली. त्याला कळलंही नव्हतं, की आपण बोललो.

आणि फजितीची भीती वाटत असेल तर हेही लक्षात ठेव. सभा कशी चालवावी याचं जगभर वापरलं जाणारं नियमांचं पुस्तक हेन्री रॉबर्ट यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलं. ते लष्करात इंजिनिअर होते. १८६३ मध्ये चर्चच्या एका सभेचं अध्यक्षपद अचानक अंगावर आलं आणि सभा काही त्यांना आवरता आली नाही. त्या ओशाळलेपणातून ते अभ्यासाला लागले.

आम्ही दरवर्षी दोन दिवसांची नेतृत्व कार्यशाळा भरवतो. वक्ते चांगले असतात, अभिप्रायही छान येतात. पण वर्षभराने पाहिलं तर काम करणारे दोन-तीनच उरतात. काय चुकतं?

कार्यशाळा संपते, हेच चुकतं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावांनी आपल्यातल्याच बायका आरोग्य कार्यकर्त्या म्हणून निवडल्या. त्यांतल्या कित्येकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, कित्येक दलित घरांतल्या होत्या. एकदा शिकवून त्यांना सोडून दिलं नाही. त्या आठवड्याला पुन्हा एकत्र जमायच्या, आपापल्या गावात काय घडलं ते सांगायच्या, एकीचं अडलेलं दुसरी सोडवायची. औषधपाण्याइतकाच वेळ स्वतःवरचा विश्वास वाढवण्यावर जायचा. याच बायका पुढे बाहेरून येणाऱ्यांना शिकवू लागल्या. दोन दिवसांत हे होणार नाही, वक्ता कितीही चांगला असो.

तुमच्याकडे दोनच दिवसांची ताकद असेल, तर ते दोन दिवस सलग घेऊ नका. बारा महिन्यांत बारा संध्याकाळी घ्या. प्रत्येकाने येताना आपल्या भागातलं एक खरं काम आणावं आणि अर्धा वेळ त्याच कामावर जावा. एका भागातून एकाला कधी बोलावू नका, दोघांना बोलवा. परतल्यावर एकटं माणूस महिन्याभरात विझतं, हे मी फार वेळा पाहिलंय. निवड करताना ‘पुढे पुढे करणारे’ आपोआप येतात. ज्याच्या दारात लोक अडचणीला जातात ते माणूस अर्ज करत नाही, त्याला शोधून विचारावं लागतं. आणि लहान मुलं सांभाळायची सोय करा. ही सोय नसेल तर तुमच्या यादीतल्या निम्म्या बायका ‘जमणार नाही’ म्हणतील आणि कारण सांगणार नाहीत.

आणखी एक. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने अभ्यास गट आणि निर्णय घेणारी ग्रामसभा वेगवेगळी ठेवली. अभ्यास गटात विषय खोलात समजून घ्यायचा, तिथे ठराव नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. मला हे फार मोलाचं वाटतं. ठराव करायचा नसला की माणूस मोकळेपणाने "मला हे कळलं नाही" म्हणू शकतो. तुमच्या कार्यशाळेत असं म्हणायला जागा आहे का, ते एकदा बघा.

माझ्या पत्नीने दोन वर्षांपूर्वी असाच एक वर्ग केला. ती खूप बदलली, धीट झाली, मला अभिमान आहे. पण आता तिला रात्री अकरापर्यंत फोन येतात, प्रत्येकाचं काम तिलाच करायचं असतं. ती थकली आहे. तिला थांब म्हणावं का?

थांब म्हणू नका. तुम्ही पत्र लिहिलंत याचं मला बरं वाटलं, कारण असं पत्र बहुतेक वेळा बाईच लिहिते, तेही काम सोडल्यावर.

तिला एवढंच विचारा, की मागच्या महिन्यात आलेल्या फोनपैकी कोणते फोन दुसरं कुणी घेऊ शकलं असतं? दोघं मिळून यादी करा. मी माझी केली तेव्हा चाळीसपैकी एकतीस निघाले. मला वाईट वाटलं, खरंच. इतकी वर्षं मी लोकांची कामं करत होते आणि लोकांना ती करता येतील असं काही करत नव्हते. त्यानंतर मी नियम केला: कुठल्याही कचेरीत एकटीने जायचं नाही. पहिल्या वेळी मी बोलायचं आणि सोबतच्याने पाहायचं, दुसऱ्या वेळी त्याने बोलायचं आणि मी बाजूला उभं राहायचं, तिसऱ्या वेळी मी घरी. तिसरी वेळ सर्वांत अवघड गेली. घड्याळाकडे बघत बसायचे.

घरातला अर्धा भार तुम्ही उचलता का, हे पत्रात नाही. उचलत नसाल तर आजपासून उचला. ती थकण्यात त्या फोनइतकाच त्याचाही वाटा असू शकतो.

आणि तिला सांगा, वस्तीतल्या फलकावर तिच्या नंबराच्या वर आणखी तीन नंबर लिहायचे. पाण्याचं कुणाकडे, दाखल्यांचं कुणाकडे, दवाखान्याचं कुणाकडे. त्या तिघांना आधी विचारून, आणि पहिले दोन महिने त्यांच्यासोबत जाऊन.