समुद्रात सर्वात जास्त हरितद्रव्य शंभर मीटर खाली कसं? ऊन तर वर असतं!

तुमची शंका रास्त आहे: प्रकाशसंश्लेषणाला ऊन लागतं, मग खुल्या महासागरात वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगत प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्म जीवांची, दाटी खाली का? दाटी खाली नसतेच. खाली असतो तो हिरवेपणा.

हवाई बेटांच्या उत्तरेला, प्रशांत महासागरात ‘अलोहा’ नावाचं निरीक्षण केंद्र आहे. १९८८ पासून तिथल्या पाण्याची नियमित मोजणी होते. त्या भागातल्या एका सफरीत पाणी गाळायचं काम माझ्याकडे होतं. ५ मीटरवरचं पाणी गाळलं की गाळणकागद जवळजवळ पांढराच राहायचा, ११० मीटरवरच्या पाण्याने तो हिरवट व्हायचा. मीही तेव्हा तुमच्यासारखाच निष्कर्ष काढला होता. पेशी मोजल्यावर कळलं, की त्या खाली जास्त नाहीतच, उलट कमी आहेत. फक्त तिथली प्रत्येक पेशी रंगद्रव्याने ठासून भरलेली असते, कारण तिथवर पृष्ठभागावरच्या उजेडाचा जेमतेम एक टक्का पोचतो, तोही निळा. वरच्या पेशींना ऊन इतकं मिळतं की जास्त हरितद्रव्य बाळगणं धोक्याचंच ठरतं.

यातल्या बहुतेक पेशी प्रोक्लोरोकोकसच्या. १९८८ मध्ये जगासमोर आलेला हा जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो, आणि तिथल्या वरच्या थरात चमचाभर पाण्यात लाखोंनी सापडतो. मला सर्वात विलक्षण वाटतं ते हे, की वरचा आणि खालचा प्रोक्लोरोकोकस एकच नाही. भूमध्य समुद्रात ५ मीटरवर मिळालेल्या वाणात सुमारे १,७०० जनुकं आहेत. अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहात १३५ मीटरवर मिळालेल्या वाणात सुमारे २,३००. प्रजाती ओळखण्याच्या नेहमीच्या जनुकावरून पाहिलं तर दोघं एकाच प्रजातीचे ठरतील.

बाकीची वस्तीही बदलते. वरच्या थरात नायट्रेट, म्हणजे पेशींना नायट्रोजन पुरवणारं खत, जवळपास नसतंच, म्हणून हवेतून विरघळलेला नायट्रोजन वापरू शकणारा ट्रायकोडेस्मियम हा जिवाणू तिथे तग धरतो. हिरव्या पट्ट्यापाशी खालून नायट्रेट झिरपतं, त्यामुळे थोड्या मोठ्या, केंद्रक असलेल्या पेशींनाही संधी मिळते. उपग्रहाला मात्र वरचाच थर दिसतो, खालचा हिरवा पट्टा नाही.

आपल्या अरबी समुद्रात तर काही ठिकाणी आणखी खाली, प्राणवायू जवळपास संपतो तिथे, हरितद्रव्याचा दुसरा पट्टा आहे. तिथेही प्रोक्लोरोकोकसच, पण अंधुक उजेडात जगणाऱ्या निराळ्या वाणांचा.