रोटरी हे नाव का पडले?

प्रश्न: रोटरी क्लब शिकागोत कसा सुरू झाला? हे नाव कुठून आले?

उत्तर: २३ फेब्रुवारी १९०५ रोजी युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ क्रमांकाच्या खोलीत चौघे जमले: वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, शिंपीकामाचा व्यवसाय करणारे हायरम शोरी आणि खाण अभियंते गुस्टाव्हस लोअर. कचेरी लोअर यांची होती. पुढच्या बैठका पाळीपाळीने इतर सभासदांच्या कचेऱ्यांत भरू लागल्या. रोटरी म्हणजे फिरती, त्यावरून हे नाव. एका व्यवसायाचा एकच सभासद घेत, म्हणजे आपसांत स्पर्धा नको. पण त्यामुळे एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून देण्यावरच भर राहिला. समाजसेवा नंतर आली, आणि आमच्या मते क्लब तिच्यामुळेच टिकला. पहिले मोठे काम शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत यासाठीचा पाठपुरावा. दुसरा क्लब १९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघाला.