सोलापुरात घर बांधताना काँक्रीटला पर्याय काय?

होटगी रोडला घर बांधताय आणि काँक्रीट कमी करायचंय, तर भिंतींना फ्लाय अ‍ॅशच्या विटा घ्या. फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज केंद्राची राख तुमच्या उंबऱ्यावर आहे, विटा भाजाव्याही लागत नाहीत. भिंतींचा विषय संपला. खरं दुखणं छताचं.

बाळीवेशीतलं आमचं घर माळवदाचं. सागवानी तुळया, त्यावर लाकडी पट्ट्यांचं किलचन, पाला आणि वर हातभर पांढरी माती. मृगाआधी आजोबा गाढवांवरून माती आणवायचे, ती पसरून चोपण्यानं चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. गळायचं, नाही असं नाही. पण मे महिन्यात पारा ४३ वर गेला तरी माजघरात पंख्याशिवाय झोप लागायची.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्या दादानं हाय खाल्ली. ‘मातीखाली मरायचंय का?’ म्हणत माळवद उतरवलं, आरसीसी स्लॅब टाकला. आता जेवणं उरकून गच्चीवर गेलं तरी अनवाणी पायाला धग लागते. खाली एसी. वर ‘पक्कं घर’ म्हणून मिरवणं आहेच.

किल्लारीत घात केला तो चिखलात रचलेल्या दगडी भिंतींनी. आतल्या-बाहेरच्या थरांना सांधणारे लांब दगडच नव्हते. छताचं ओझं होतंच, ते नाकारत नाही. पण आमचं छत लाकडी खांबांवर होतं, भिंतींवर नव्हे. दादाला हे आजही पटत नाही.

तुम्ही स्लॅब टाकणारच, तर फिलर स्लॅब टाका. खालच्या बाजूला, जिथं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं, तिथं मंगलोरी कौलं बसवायची. वास्तुविशारद लॉरी बेकरांनी केरळात हे करून दाखवलंय. वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे. गिलावा चुन्याचा. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून नुसतं इंधन बदलून सिमेंट स्वच्छ होत नाही. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के. चुनाही भाजावाच लागतो, पण भिंतीवर सुकताना तो बराचसा परत ओढून घेतो.

हां, खाली काळी माती लागली तर पायात कंजुषी नको, तिथं आरसीसीच. ती फुगते, आकसते. भिंतींना विटांऐवजी दाबलेल्या मातीचे ठोकळे करणार असाल, तर तेही तिचे करू नका, मुरमाड माती आणा. इंजिनियर फिलर स्लॅबला नाही म्हणाला तर दुसरा बघा. घरातल्या थोरल्यांना मात्र विचारत बसू नका. आमच्याकडे विचारलं होतं.